वाळवंटातल्या गुहेत सापडलेले अनोळखी मानवी अवशेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, आयडाहो, नेव्हाडा, युटा, ॲरिझोना अशा कोरड्या राज्यांत, गुहेत एखाद्या माणसाचे अवशेष सापडले की लोक तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. हा माणूस कोण? कधी मेला? इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही? ज्यांच्या घरातलं कुणी बेपत्ता आहे ते आणखी एक प्रश्न विचारतात, "हा आमचा तर नसेल?", आणि तो सगळ्यात जड असतो. या सगळ्यांसाठी ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत. पुढे वाचताना एक गोष्ट वारंवार येईल: कोरड्या गुहेत काळाचा अंदाज डोळ्यांनी बांधायचा नसतो. अशा प्रकरणांत तपास भरकटतो तो बहुतेक वेळा याच अंदाजामुळे.

गुहेत हाडं दिसली. आधी काय करू?

हात लावू नका. काहीही उचलू नका, पुरावा म्हणून एखादं हाड खिशात टाकून बाहेर आणू नका आणि "कुणी पाहू नये" म्हणून वर दगडही रचू नका. ज्या पावलांनी आत गेलात त्याच पावलांनी मागे या. लांबूनच दोन-तीन फोटो काढा, जागेचे जीपीएस आकडे नोंदवा, मोबाइलला रेंज मिळेल तिथे पोहोचून ९११ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरिफला, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाला, कळवा. पोलिसांचा माणूस येईपर्यंत जवळपास थांबता आलं तर उत्तम, कारण वाळवंटात नुसत्या आकड्यांवरून गुहेचं तोंड सापडणं वाटतं तितकं सोपं नसतं.

धूळ उडवू नका, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. या भागातल्या गुहांत उंदरांच्या लेंड्यांचा थर असतो आणि त्या धुळीतून हंता विषाणू श्वासात जाऊ शकतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्यं जिथे एकत्र येतात, त्या भागात १९९३ मध्ये या विषाणूने तरुण, धडधाकट माणसं दगावली होती. वटवाघळांच्या विष्ठेचा धोका वेगळाच. तेव्हा जमिनीवर गुडघे टेकून "जरा बघू या" म्हणत माती बाजूला सारणं पुराव्यासाठीही वाईट आणि तुमच्यासाठीही.

आणि जागेचा फोटो सोशल मीडियावर टाकू नका. चोर आणि हौशी खोदणारे दोघंही वाचत असतात.

हाड माणसाचं आहे की जनावराचं, हे मला ओळखता येईल का?

कधीकधी येईल, पण ओळखण्याची जबाबदारी तुमची नाही. अस्वलाचा पंजा नखं गळून पडल्यावर माणसाच्या हातासारखा इतका हुबेहूब दिसतो की जाणकारही दोनदा बघतात. न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांना अनेकदा चांगल्या फोटोवरूनच सांगता येतं. हाड हरणाचं निघालं म्हणून तुम्हाला कुणी हसणार नाही. कळवलंत हेच बरोबर केलंत.

गुहेत मृतदेह इतका टिकतो कसा?

शरीर कुजायला ओल, ऊब, जिवाणू आणि माश्या लागतात. वाळवंटी गुहेत हवा कोरडी असते, ऊन पोचत नाही, पाऊस लागत नाही आणि तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. देह मातीखाली असेल किंवा कापडात गुंडाळलेला असेल तर माश्याही पोचत नाहीत. अशा वेळी शरीरातलं पाणी कुजण्याच्या वेगापेक्षा लवकर उडून जातं. कातडी आक्रसते, चामड्यासारखी कडक होते आणि तशीच राहते. केस, नखं, कापडाचा रंग, स्नायूंचे वाळलेले तंतू, सगळं राहतं. त्याच वाळवंटात बाहेर उघड्यावर पडलेला देह मात्र उन्हाने आणि कोयोटी नावाच्या कोल्ह्यासारख्या प्राण्यांमुळे थोड्याच काळात हाडांवर येऊ शकतो.

म्हणजे एकाच वर्षी मेलेल्या दोन माणसांपैकी एक "कालचा" वाटेल आणि दुसरा "फार जुना". पुढच्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

मग मृत्यू किती वर्षांपूर्वी झाला हे कसं ठरवतात?

नुसतं बघून ठरवलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं बघा. दोन्ही याच कोरड्या पट्ट्यातली, आणि चूक अगदी उलट्या दिशांची.

नेव्हाडात फॅलन गावाजवळच्या स्पिरिट केव्हमध्ये १९४० साली एका पुरुषाचा वाळलेला देह सापडला. सशाच्या कातड्यांच्या पांघरुणात आणि लव्हाळ्याच्या चटयांत गुंडाळलेला, पायात मोकॅसिन, म्हणजे चामड्याचे मऊ जोडे. तो दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा असावा असं धरलं गेलं. १९९०च्या दशकात रेडिओकार्बन तपासणी (उरलेल्या कार्बन-१४ वरून वय काढणं) झाली तेव्हा कळलं की तो दहा हजार वर्षांहून जुना आहे. मधली पन्नासेक वर्षं तो संग्रहालयात त्या चुकीच्या वयानिशी पडून होता.

आयडाहोतल्या बफेलो केव्हमधला देह याच्या उलट. १९७९ मध्ये तो सापडला तेव्हा माणूस मरून फार तर काही वर्षं झाली असावीत असं वाटलं. प्रत्यक्षात साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आज यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे अणुचाचण्यांनी हवेत सोडलेला कार्बन. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून उघड्यावर झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ झपाट्याने वाढला, १९६३च्या सुमारास तो जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. त्या काळात जगलेल्या प्रत्येकाच्या दातांत, हाडांत, केसांत तो शिरला. एखाद्याच्या ऊतींमध्ये हा वाढीव कार्बन अजिबात नसेल, तर तो माणूस त्या चाचण्यांच्या आधीच मेला, एवढं स्पष्ट होतं. दाताचं इनॅमल बालपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही, म्हणून दातावरून जन्माचा काळ आणि केसांवरून किंवा नखांवरून मृत्यूचा काळ, अशी दोन टोकं पकडता येतात. माझं स्पष्ट मत आहे की कोरड्या गुहेतल्या प्रत्येक प्रकरणात ही तपासणी सुरुवातीलाच व्हायला हवी. बेपत्ता व्यक्तींच्या कुठल्या दशकातल्या फायली उघडायच्या, हे तिच्यावरून ठरतं.

बफेलो केव्हचं प्रकरण नेमकं काय होतं?

सविस्तर सांगतो, कारण या पानावरचे निम्मे प्रश्न त्या एका प्रकरणात येऊन जातात.

२६ ऑगस्ट १९७९ रोजी आयडाहोच्या क्लार्क काउंटीत, ड्युबॉइस गावाजवळच्या बफेलो केव्हमध्ये एक कुटुंब जुनी बाणांची टोकं शोधत होतं. उथळ खड्ड्यात त्यांना गोणपाटात गुंडाळलेलं एका पुरुषाचं धड मिळालं. डोकं नाही, हातपाय नाहीत. अंगात निळ्या रेघांचा पांढरा सदरा, त्यावर गडद तांबडा विणलेला स्वेटर आणि काळपट पँट. १९९१च्या मार्चमध्ये त्याच गुहेत फिरणाऱ्या एका मुलीला हाताचा वाळलेला पंजा दिसला. मग रीतसर खोदकाम झालं आणि एक हात व दोन्ही पाय मिळाले, तेही गोणपाटातच. डोकं आजवर मिळालेलं नाही.

आयडाहो स्टेट विद्यापीठ, स्मिथसोनियन ही संग्रहालय-संशोधन संस्था आणि एफबीआय ही संघराज्याची तपासयंत्रणा यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले. युरोपीय वंशाचा पुरुष, वय चाळीसच्या आसपास, केस तांबूस-तपकिरी, इतकं सांगता आलं. पण डोकं नसल्याने दातांची नोंद जुळवता येत नव्हती, चेहराही घडवता येत नव्हता. आणि शोध सुरू होता तो १९७०च्या दशकात बेपत्ता झालेल्यांमध्ये.

२०१९ मध्ये विद्यापीठाने डीएनए डो प्रोजेक्ट या स्वयंसेवी संस्थेला गाठलं. हाडातून डीएनए काढला गेला, दूरचे नातेवाईक मिळाले आणि स्वयंसेवक वंशावळ मांडायला बसले. ती वाढत वाढत तीस हजारांहून अधिक माणसांची झाली. त्यात दोन अडचणी होत्या. पहिली, या माणसाच्या आजोबांना चार बायका होत्या. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या सुरुवातीच्या कुटुंबांत तशी चाल होती. वेगवेगळ्या बायकांच्या वंशजांमध्ये फक्त आजोबा समान असतात, आजी वेगळ्या. त्यामुळे डीएनएतला वाटा नेहमीच्या निम्मा भरतो आणि नातं आहे त्याहून लांबचं वाटतं. दुसरी अडचण काळाची. वंशावळ १८७०च्या आसपास जन्मलेल्या माणसाकडे बोट दाखवत होती, आणि फाइल सांगत होती की माणूस १९७०च्या दशकात चाळिशीत मेला.

वंशावळ खरी निघाली. नाव होतं जोसेफ हेन्री लव्हलेस, जन्म ३ डिसेंबर १८७०, युटातलं पेसन. बेकायदा दारूचा धंदा करणारा, अनेक नावांनी वावरणारा माणूस. मे १९१६ मध्ये कुऱ्हाडीने पत्नीचा खून केल्याच्या आरोपावरून तो सेंट अँथनीच्या तुरुंगात होता आणि १८ मे रोजी गज कापून पळाला. त्याच्या शोधासाठी निघालेल्या पत्रकात अंगावरच्या कपड्यांचं वर्णन आहे: फिक्या रंगाची हॅट, तपकिरी कोट, लाल स्वेटर, काळ्या पँटवर निळी ओव्हरऑल. गुहेतल्या धडावरचा तांबडा स्वेटर आणि काळपट पँट आठवा. पळून गेल्यावर कपडे बदलायला त्याला फारसा वेळ मिळाला नसावा, आणि १९१६ हेच मृत्यूचं वर्ष धरलं जातं. शेवटचं शिक्कामोर्तब झालं ते त्याच्या ८७ वर्षांच्या नातवाने दिलेल्या डीएनएमुळे.

बघा, हाडांवरून काढलेलं वय बरोबर होतं. पंचेचाळिशीचा माणूस, अंदाज चाळीसच्या आसपासचा. लिंग बरोबर, वंश बरोबर. चुकला तो फक्त काळ, आणि त्या एका चुकीमुळे चाळीस वर्षं शोध चुकीच्या पिढीत चालला.

ज्याच्यावर खुनाचा आरोप होता त्याचं नाव शोधायला इतके कष्ट कशाला?

हा प्रश्न लव्हलेसच्या बातमीनंतर अनेकांनी विचारला. सापडलेला देह कुणाचा हे कळेपर्यंत तो चांगला की वाईट हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे आधी चारित्र्य बघून शोध घेता येत नाही. शिवाय त्याचाही खून झाला होता, तुकडे करून पुरला होता. आणि नातवंडांनी काय केलं होतं? आपला आजोबा कुठे गेला हे कळण्याचा हक्क त्यांचा होता. पत्नीच्या माहेरच्यांनाही पळालेल्या जावयाचं पुढे काय झालं हे शंभर वर्षांनी कळलं. मला तरी हे कष्ट वाया गेले असं मुळीच वाटत नाही.

अवशेषांवर हक्क कुणाचा? पोलिसांचा की आदिवासी जमातीचा?

जमीन कुणाची आणि देह कुणाचा, या दोन गोष्टींवर ते ठरतं. सुरुवातीला शेरिफ आणि कोरोनर किंवा मेडिकल एक्झामिनर (मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी) यांचाच ताबा असतो, कारण हा गुन्हा असू शकतो. अवशेष प्राचीन आणि मूळ अमेरिकी लोकांचे निघाले, आणि जमीन संघराज्य सरकारची किंवा जमातीची असेल, तर १९९० चा मूळ अमेरिकींच्या कबरी व अवशेषांसंबंधीचा कायदा लागू होतो. संबंधित जमातींना कळवावं लागतं, त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं. खासगी जमिनीवर राज्याचे स्वतःचे कायदे असतात.

स्पिरिट केव्हच्या माणसाबाबत फॅलन पायूट-शोशोन जमातीला जवळजवळ वीस वर्षं भांडावं लागलं. तो आपला पूर्वज आहे असं ते पहिल्यापासून सांगत होते. सरकारी खात्याला ते पटत नव्हतं. अखेर जमातीच्या संमतीने डीएनए तपासला गेला, तो मूळ अमेरिकी लोकांशी जुळला, २०१६ मध्ये देह परत मिळाला आणि २०१८ मध्ये जमातीने त्याला पुन्हा मातीत ठेवलं. जमातींच्या तोंडी चालत आलेल्या आठवणीला पुराव्याइतकं वजन द्यायला आपण फार उशीर करतो, असं हे प्रकरण वाचताना राहून राहून वाटतं.

गुहेत खोदकाम कसं करतात? इतका वेळ का लागतो?

जमिनीवर दोऱ्यांनी चौकोन आखतात आणि एकेक चौकोन थराथराने खरवडत खाली जातात. फावडं नाही, करणी, ब्रश, लाकडी किंवा बांबूच्या काड्या. निघालेली प्रत्येक बादली चाळणीतून जाते, आधी जाड जाळीची, मग बारीक. प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात आणि त्यातली ५४ नुसत्या हातांच्या दोन पंजांत. बोटांची टोकाची हाडं वाटाण्याएवढी असतात. एका मुळाचे पुढचे दात देह सुकल्यावर आपोआप गळून मातीत जातात, आणि तोच एखादा दात पुढे डीएनए देतो.

या गुहांत पॅकरॅट नावाचा उंदीर राहतो. चमकणारं, टणक, वेगळं जे काही दिसेल ते उचलून तो घरट्यात साठवतो: काटक्या, निवडुंगाचे काटे, बंदुकीच्या गोळ्यांची टरफलं, हाडं, कधी बटणं. त्याची घरटी मूत्राने घट्ट होऊन दगडासारखी बनतात आणि हजारो वर्षं टिकतात. म्हणून मृतदेहाभोवतीची माती चाळून थांबायचं नसतं. भिंतीलगतच्या कपारी, छताजवळचे कोनाडे, हे ढिगारेही उघडून बघायचे. हरवलेलं हाड पन्नास फुटांवरच्या कपारीत निघू शकतं, आणि त्याचा अर्थ कुणी ते मुद्दाम तिथे ठेवलं असा होत नाही.

हाडांवरून काय कळतं?

कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे प्रौढांमध्ये बऱ्याच खात्रीने सांगता येतं. उंची मांडीच्या आणि पायाच्या लांब हाडांवरून काढतात. त्यासाठीची प्रसिद्ध सूत्रं १९५२ साली दुसऱ्या महायुद्धातल्या मृत सैनिकांच्या मोजमापांवरून तयार झाली. वय मुलांमध्ये दातांवरून फार अचूक कळतं. विशीत हाडाचं टोक मुख्य हाडाला कुठवर जुळलं यावरून. गळ्याजवळच्या हासळीचं छातीकडचं टोक तर तिशीच्या आसपास पूर्ण जुळतं. पुढे मात्र अंदाज सैल होत जातो आणि "३५ ते ५५" असा पट्टा मिळतो. जुने मोडलेले हाड, शस्त्रक्रियेचा स्क्रू, वाकलेला मणका या गोष्टी नाव शोधताना वयापेक्षा जास्त कामी येतात. शस्त्रक्रियेत बसवलेल्या काही भागांवर क्रमांक असतो आणि तो थेट रुग्णालयापर्यंत नेऊ शकतो.

माणूस कुठे वाढला याचाही थोडा माग लागतो. लहानपणी प्यायलेल्या पाण्याचा आणि तिथल्या खडकाचा ठसा दातातल्या ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांत (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या रूपांत) राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून लांब केसांवरून शेवटच्या काही महिन्यांत माणूस कुठल्या भागात होता याचाही अंदाज बांधता येतो. हे गावाचं नाव सांगत नाही, प्रदेश सांगतं. पण "या भागातला नव्हता" एवढं जरी कळलं तरी शेकडो फायली बाजूला होतात.

मृत्यूचं कारण पुष्कळदा कळतच नाही. हाडाला न लागलेली जखम हाडावर दिसत नाही.

कपड्यांचा आणि खिशातल्या वस्तूंचा किती उपयोग?

मोठा, पण एकाच दिशेने. खिशात १९६८ चं नाणं असेल तर माणूस १९६८च्या आधी मेलेला नाही. नंतर कितीही वर्षांनी मेलेला असू शकतो. पॉलिस्टर असेल तर १९५०च्या आधीचा नाही. जुने कपडे मात्र नव्या काळातही लोक घालतात, म्हणून "जुन्या पद्धतीचा सदरा" पाहून जुनं प्रकरण ठरवता येत नाही. तरीही लव्हलेसच्या कपड्यांकडे अधिक बारकाईने पाहिलं गेलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही. शिलाई, बटणं, विणकाम, यांचा अभ्यास करणारे वस्त्र-इतिहासाचे जाणकार असतात. त्यांना अशा प्रकरणांत क्वचितच बोलावलं जातं.

बोटांचे ठसे वाळलेल्या हातावरून घेता येतात का?

येतात, हात टिकला असेल तर. बोटांची टोकं विशिष्ट द्रावणात भिजवून मऊ करतात, कातडी पुन्हा फुगते आणि रेषा वर येतात. काही वेळा सिलिकॉनचा साचा घेतात. पण ठसा जुळायला तो आधी कुठेतरी नोंदलेला असावा लागतो. दातांचंही तेच: तुलनेला जुना एक्स-रे हवा. दवाखाने ठरावीक वर्षांनी नोंदी नष्ट करतात, आणि बेपत्ता माणसाच्या घरच्यांना हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

डीएनए आहे म्हटल्यावर लगेच नाव का कळत नाही?

कारण डीएनएवर नाव लिहिलेलं नसतं. तुलनेला दुसरं कुणीतरी लागतं.

एफबीआयच्या कोडिस या डीएनए-नोंदींच्या यंत्रणेत डीएनएच्या ठरावीक जागा बघतात. आधी त्या १३ होत्या, २०१७ पासून २० आहेत. या पद्धतीने आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं ओळखता येतात, त्यापलीकडचं नातं नाही. बेपत्ता माणसाच्या घरच्यांपैकी कुणीच नमुना दिला नसेल तर कोडिस गप्प राहते. डीएनए फार खराब झाला असेल तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए वापरतात. तो पेशीत जास्त प्रमाणात असतो, म्हणून टिकतो. पण तो आईकडूनच येतो आणि हजारो लोकांत सारखा असू शकतो.

वंशावळीची पद्धत वेगळी. तीत लाखो जागा तपासतात, त्यामुळे दूरचे नातेवाईकही दिसतात. चुलत-मामे भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो, त्यांच्या मुलांमध्ये एकमेकांशी साधारण ३ टक्के. असे दोन-चार दूरचे नातेवाईक मिळाले की जनगणना, लग्नाच्या नोंदी, मृत्युलेख, जमिनीचे कागद घेऊन त्यांचे समान पूर्वज शोधायचे आणि तिथून पुन्हा खाली यायचं, ज्याच्या मृत्यूची कुठेच नोंद नाही अशा माणसापर्यंत. २०१८ च्या एप्रिलमध्ये याच मार्गाने ओहायोतल्या, १९८१ पासून अनोळखी असलेल्या तरुणीची ओळख पटली आणि त्यानंतर या पद्धतीला वेग आला.

गुहेतला कोरडेपणा डीएनएला मदत करतो. उष्णता मात्र त्याचे तुकडे करते. सगळ्यात जास्त आशा असते ती दातांच्या मुळांकडून, मांडीच्या हाडाकडून आणि कवटीत कानाच्या आतल्या भागाभोवती असणाऱ्या अतिशय टणक हाडाकडून.

मी घरबसल्या वंश चाचणी केली आहे. माझा डीएनए वापरला जाईल का?

आपोआप नाही. अँसेस्ट्री आणि २३अँडमी या मोठ्या कंपन्या पोलिसांना अशी तुलना करू देत नाहीत. जेडमॅच आणि फॅमिलीट्रीडीएनए या वंशावळीच्या संकेतस्थळांवर ती होऊ शकते. दुसरीकडे चाचणी केली असेल तर माहिती तिथे स्वतः चढवावी लागते आणि पोलिस-तपासाबाबतचा पर्याय तिथे कसा निवडलेला आहे ते बघावं लागतं. मे २०१९ पासून जेडमॅचने त्यात मोठे बदल केले. अटी वाचूनच निर्णय घ्या. तुमच्या डीएनएसोबत भावंडांचा, मुलांचाही माग जातो, म्हणून घरात आधी बोला. बोलून झाल्यावर "हो" म्हणावंसं वाटलं तर जरूर म्हणा. कुणाच्या तरी दूरच्या चुलत बहिणीने हे केलं म्हणूनच अनेक अनोळखी देहांना नाव मिळालं आहे.

कवटीवरून घडवलेला चेहरा किती खरा असतो?

ठेवण साधारण खरी. नाकाचं टोक, ओठ, कान, पापण्या, वजन या गोष्टी अंदाजाच्या. त्या चित्राचं काम फोटोसारखं दिसणं नव्हे, ओळखीच्या कुणाला "अरे, हा तर..." असं वाटायला लावणं. तंतोतंत जुळत नाही म्हणून आपल्या माणसाची शक्यता सोडून देऊ नका.

आमच्या घरातलं माणूस वर्षानुवर्षं बेपत्ता आहे. आम्ही काय करावं?

पहिलं, पोलिसांकडे बेपत्ता असल्याची तक्रार आजही नोंदलेली आहे का ते तपासा. जुन्या तक्रारी बंद झालेल्या, हरवलेल्या, संगणकात न चढलेल्या असतात. तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं ही समजूत चुकीची आहे, आणि चाळीस वर्षांनीही तक्रार देता येते.

दुसरं, नॅमअस या राष्ट्रीय नोंदणीत प्रकरण आहे का बघा. ती सर्वांना मोफत खुली आहे. तिथे एका बाजूला बेपत्ता माणसं, दुसऱ्या बाजूला अनोळखी देह. नसेल तर तुम्ही स्वतः नोंद करू शकता, नंतर ती पोलिसांकडून पडताळली जाते.

तिसरं, नातेवाईकांचा डीएनए नमुना द्या. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, पैसे पडत नाहीत. आई, वडील, मुलं यांचा नमुना सगळ्यात उपयोगी. आई-वडील वयस्कर असतील तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. हा नमुना गुन्ह्यांच्या नमुन्यांशी जुळवला जात नाही. फक्त बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी अवशेषांसाठी ठेवतात.

चौथं, दंतवैद्याकडचे एक्स-रे आजच मागून घ्या. ते मिळाले नाहीत तर त्या माणसाचे दात दिसतील असे जुने हसरे फोटो शोधून ठेवा. पुढच्या दातांतली फट, तिरका सुळा, यावरूनही ओळख पटते.

आणि शोधताना वर्षांची चौकट घट्ट धरू नका. कोरड्या भागातल्या नोंदीत "मृत्यू साधारण ५ वर्षांपूर्वी" असं लिहिलेलं दिसलं, तरी तुमचं माणूस तीस वर्षांपूर्वी गेलं आहे म्हणून ती नोंद ओलांडून पुढे जाऊ नका. वय आणि उंची जुळत असेल तर विचारा.

सीमेजवळच्या वाळवंटात सापडणाऱ्यांचं काय?

ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात मेक्सिकोतून चालत येणारी माणसं उन्हाने, तहानेने मरतात. सावलीसाठी कपारीत, ओढ्याच्या काठाखाली शिरलेली असतात. टूसानमधलं पिमा काउंटीचं मेडिकल एक्झामिनर कार्यालय अशा देहांवर वर्षानुवर्षं काम करतं आहे आणि ह्युमेन बॉर्डर्स या संस्थेसोबत प्रत्येक मृत्यूची जागा दाखवणारा नकाशा सर्वांसाठी खुला ठेवतं. इथे अडचण विज्ञानाची कमी आणि भीतीची जास्त आहे. घरचे लोक ग्वाटेमालात, होंडुरासमध्ये किंवा अमेरिकेतच कागदपत्रांविना असतात. पोलिसांकडे नमुना द्यायला जायचं कसं? म्हणून त्यांच्याकडून माहिती आणि नमुने घेण्याचं काम स्वयंसेवी संस्थांनी केलं. या देहांचे कपडे उसवून बघतात, कारण पट्ट्याच्या शिवणीत किंवा कॉलरच्या आत कधी कागदाच्या चिटोऱ्यावर फोन नंबर असतो.

देशाबाहेरचा माणूस असण्याची शक्यता असेल तर इंटरपोलची काळी सूचना निघते, म्हणजे अनोळखी मृतदेहाची माहिती सदस्य देशांना कळवली जाते. २०२१ पासून नातेवाईकांच्या डीएनएची देशादेशांत तुलना करणारी आय-फॅमिलिया ही त्यांची सोयही आहे.

मला नाव सुचतंय. कुणाला सांगू?

नॅमअसवरच्या नोंदीत तपास करणाऱ्या कार्यालयाचा संपर्क असतो, तिथे कळवा. आधी त्याच नोंदीत "या व्यक्ती नाहीत" अशी यादी आहे का बघा. तुमचं नाव आधीच तपासून वगळलेलं असू शकतं. सुचवताना का वाटतं ते दोन-तीन ओळींत लिहा: उंची, जुनी दुखापत, शेवटचं ठिकाण.

बेपत्ता माणसाच्या घरच्यांना स्वतःहून फोन किंवा मेसेज करू नका. तुमच्या एका अंदाजाने त्यांची त्या रात्रीची झोप उडते. दहा अनोळखी लोकांनी दहा वेगळे मृतदेह सुचवल्यावर त्या घराचं काय होत असेल याचा विचार करा.

ओळख पटलीच नाही तर अवशेषांचं काय होतं?

अमेरिकेत दरवर्षी साधारण ४,४०० अनोळखी देह सापडतात आणि वर्षभरानंतरही त्यातले सुमारे १,००० अनोळखीच राहतात असा अंदाज आहे. काही प्रयोगशाळेच्या कपाटात क्रमांकानिशी राहतात, काही काउंटीच्या दफनभूमीत पुरले जातात. दहन मात्र होऊ नये. पुरलेला देह नवी पद्धत आल्यावर पुन्हा बाहेर काढता येतो. राखेतून डीएनए मिळत नाही. निदान दात आणि हाडाचा तुकडा जपून ठेवल्याशिवाय कुठल्याही काउंटीने दहनाला परवानगी देऊ नये असं मला ठामपणे वाटतं. बफेलो केव्हचे अवशेष चाळीस वर्षं कुणीतरी सांभाळले, म्हणून २०१९ मध्ये तपासायला काहीतरी हातात होतं.

नाव कळल्यावर पुढे काय?

आधी ते "संभाव्य नाव" असतं. जवळच्या नातेवाईकाचा नमुना घेऊन, किंवा दात, एक्स-रे जुळवून खात्री करतात, मग कोरोनर अधिकृत ओळख नोंदवतो. घरच्यांना प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगितलं जातं आणि त्यानंतरच नाव जाहीर होतं. मधल्या आठवड्यांत "अजून का सांगत नाहीत" अशी चर्चा सुरू असते त्याचं कारण हे. मृत्यूचा दाखला निघतो, त्यावर वारसा, विमा, मालमत्ता, पुनर्विवाह असे अडलेले प्रश्न मार्गी लागतात. अंत्यविधी कसा आणि कुठे, हे घरचे ठरवतात. कुणीच नसेल तर काउंटी.

खुनाचा संशय असेल तर फाइल बंद होत नाही. लव्हलेसला कुणी मारलं हे कळलेलं नाही आणि नाव जाहीर करताना क्लार्क काउंटीच्या शेरिफने ते प्रकरण खुलं ठेवलं. बफेलो केव्हमध्ये किंवा त्या परिसरात फिरताना कवटीसारखं काही दिसलं, तर या पानावरचं पहिलं उत्तर तसंच्या तसं लागू आहे.